जानीचं घर मला ठाऊक होतं

आमच्या पडवीत तलावाकडे तोंड करून बसलं की पाहुणे पाण्याकडे बघत राहतात. मग कुणीतरी म्हणतं, नशीब काढलंत बाई. मी हसते आणि चहा टाकायला आत जाते. चार वर्षं झाली, मी अशीच आत जाते आहे. आमच्या ह्यांना माहीत नाही, लेकीला नाही, आणि जिच्यापाशी मी सासूच्या कागाळ्याही केल्या त्या मैत्रिणीलाही नाही. आज तुम्हाला सांगते आहे. का, ते विचारू नका — मलाही नीट सांगता येणार नाही.

घराचे कागद चोख आहेत, हे आधी सांगून टाकते. खरेदीखत, सातबारा, मोजणीचा नकाशा, सगळं. खोट कागदात नाही.

मी नर्स होते. मोखाडा तालुक्यात एकोणतीस वर्षं नोकरी केली, त्यातली सतरा खोडाळ्याकडच्या एका उपकेंद्रात. पाड्यापाड्यांवर पायी फिरायचं, लसी द्यायच्या, पोटुशा बायकांची वजनं करायची, कोण कुठे राहतं ते वहीत लिहायचं. सरकारी वह्या जमा कराव्या लागत. पण मी माझी स्वतःची एक कच्ची वही ठेवायची, जाड पुठ्ठ्याची. तिच्यात माझ्या हातून झालेली बाळंतपणं लिहिलेली असत — तारीख, आईचं नाव, घर कुठे, मुलगा की मुलगी. तेवढीच माझी कमाई, असं वाटायचं.

त्या वहीत जानी होती. जानी म्हणजे लहानूची बायको. कातकरी माणसं, त्यांच्या घराण्यात कधी कुणाच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. तलावाच्या काठी जव्हारच्या एका व्यापाऱ्याची चार एकर जागा होती. दगडी जोत्याचं कौलारू घर, मागे आंब्याची झाडं. लहानूचा बाप त्या आंब्यांची राखण करायचा. त्यानेच कोपऱ्यात कुडाची झोपडी बांधली, आणि ते तिथेच राहिले. सोनी, त्यांची पोरगी, त्या झोपडीत झाली. ओहोळाला पूर होता, जीप पलीकडेच अडकली होती. भर दुपारी, शेणाने सारवलेल्या त्या जमिनीवर गुडघे टेकून मी तिला बाहेर काढलं. ती रडेना. मी पाठीवर चापट्या मारत राहिले, जानी नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग पोर रडली. मी ते वहीत लिहिलं. तलावाकाठी, आंब्याखालची झोपडी, असं.

म्हणजे बघा, मला सगळं ठाऊक होतं.

मी निवृत्त झाले तेव्हा आम्ही जव्हारला भाड्याच्या दोन खोल्यांत होतो. ह्यांनी जन्मभर पतपेढीत खर्डेघाशी केली आणि जन्मभर एकच स्वप्न पाहिलं — स्वतःचं घर, थोडी जमीन, पाणी दिसलं पाहिजे. तो व्यापारी जागा विकतोय असं कळलं. आम्ही पाहायला गेलो. हे तलावाकडे बघत उभे राहिले आणि चष्मा काढून पुसू लागले. पस्तीस वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

झोपडी तेव्हा बंद होती. दिवाळीनंतर ते सगळे वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे; परततात ते पाऊस तोंडावर आला की. दाराला काटक्या बांधलेल्या होत्या. ह्यांनी विचारलं, हे कोणाचं? व्यापारी म्हणाला, हंगामी माणसं आहेत, उठतील. त्यांनी झोपडीखालची जागा नावावर करून मागितली आहे, पण पुरावा काही नाही त्यांच्याकडे. तेवढा अर्ज निकाली निघाला की मोकळी जागा तुमच्या हातात. मी शेजारीच उभी होते. एक शब्द बोलले नाही. ह्यांना इतकंही सांगितलं नाही की मी या माणसांना ओळखते.

का नाही सांगितलं? ह्यांनी तिथल्या तिथे नाही म्हटलं असतं, म्हणून. ते तसेच आहेत.

उन्हाळा संपता संपता जानी माझ्याकडे आली. जव्हारला, भाड्याच्या घरी. मोखाड्याहून एसटीने, सोनीला घेऊन. सोनी पंधरा-सोळाची झालेली. जागा आम्ही घेतोय हे जानीला माहीत नव्हतं. तिला कचेरीतून एवढंच सांगण्यात आलं होतं की तुम्ही इथे वर्षानुवर्षं राहता याचा दाखला आणा. रेशनकार्ड होतं, ते लहानूच्या काकाच्या पाड्याच्या पत्त्यावर. बाकी कागद कुठला? मग तिला मी आठवले.

इथली माणसं मला तू म्हणतात. मला ते आवडायचं.

"बाय, तुला ठावं हाय," ती म्हणाली. "सोनी तुझ्याच हातावं झाली. तू लिवलेलं होतंस ना तुझ्या वहीत? तेवढं दाखव त्या सायबाला."

वही माळ्यावरच्या पेटीत होती, आम्ही बसलो होतो त्याच्या बरोबर वर. मी म्हटलं, त्या जुन्या वह्या कधीच रद्दीत गेल्या.

तिने मान हलवली. मग म्हणाली, वही नसंल तर नको, तू तोंडानं सांग, तुझं ऐकतील. मी म्हटलं, निवृत्त माणसाच्या बोलण्याला कोण विचारतं?

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण ती उठेना. सोनी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती, आणि मला ते दोघींचं माझ्या घरात बसणं सहन होईना. मग मी ते बोलले. शांतपणे, समजावल्यासारखं, नर्सबाईच्या आवाजात.

"जाने, खरं सांगू का? तुम्ही अर्धं वर्ष भट्टीवर असता. मग तिथे राहता असं कसं म्हणायचं?"

ती विचारात पडली. खरंच विचारात पडली — माझं म्हणणं तिने पडताळून पाहिलं. आणि म्हणाली, "व्हय. तेबी खरंच."

मी त्यांना चहा दिला. सोनीला लेकीचे जुने दोन ड्रेस दिले. पोरीने ते छातीशी धरून नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे देवळात गेल्यावर मी माळ्यावरून ती वही काढली आणि बंबात घातली. पुठ्ठा जाड होता, पटकन पेटेना. लाकडाने दाबून धरावा लागला. त्यात फक्त सोनी नव्हती, तुमच्या लक्षात येतंय ना? दोनशेच्या वर पोरं होती. मी त्या पाण्याने आंघोळ केली.

पुढचं मला खूप नंतर कळलं, तेही जानीच्याच तोंडून. अर्जाची चौकशी झाली तेव्हा तिला विचारलं गेलं, तुम्ही इथे कायम राहता का? तिने खोटं बोलायचं नाही म्हणून सांगितलं, की नाही, अर्धं वर्ष भट्टीवर असतो. आमच्या नर्सबाईपण तेच म्हणतात. तसं लिहून घेतलं गेलं, वाचून दाखवलं गेलं. तिने खाली अंगठा दिला.

म्हणजे माझंच वाक्य. तिच्या अंगठ्याखाली.

अर्ज फेटाळला गेला, पण झोपडी पाडायला कुणी आलं नाही. लहानूने आणि तिनेच ती उतरवली — कुडाच्या काठ्या, वासे, चार पत्रे, सगळं डोक्यावरून वाहून नेलं. मोखाड्याच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला पुन्हा उभं केलं. तिथून दोनदा उठवलं गेलं. दिवाळी झाल्यावर आम्ही खरेदी केली. झोपडीच्या जागी सारवलेली चौकोनी जमीन तेवढी राहिली होती. ह्यांनी तिथे मिरच्या लावल्या.

राहायला आम्ही पाऊस तोंडावर आल्यावर आलो, आणि महिन्याभरात जानी दिसली. तलावावर खेकडे धरायला आली होती, आणि मी पडवीत उभी होते. लपायला जागा नव्हती. ती बांधावरून सरळ माझ्याकडे आली. मी मनात म्हटलं, आता बोलेल. बोललीच पाहिजे.

ती म्हणाली, "बरं झालं बाय, तूच घेतलंस. दुसरा कोन असता तर पान्यावं येऊ दिलं नसतं."

हे ती कशा मनाने म्हणाली? चार वर्षं मी त्या वाक्याकडे बघते आहे. तिला सगळं कळलं होतं आणि तरी म्हणाली? की काहीच कळलं नव्हतं? तिच्या चेहऱ्यावरून मला काही समजलं नाही. तिच्या हातातल्या पातेल्यात खेकडे खरखर करत होते. त्यातले चार तिने मला काढून दिले. मी घेतले. ह्यांनी आवडीने खाल्ले.

तेव्हापासून भट्टीचे महिने सोडले तर ती येत असते; ह्यांना ती माझी जुनी पेशंट एवढंच ठाऊक, झोपडी तिची होती हे नाही. चौकशीचं वगैरे तिने एकदा असंच बोलता बोलता सांगितलं, मिरच्या खुडता खुडता, जसं दुसऱ्या कुणाचं सांगावं. त्यानंतर कितीदा तरी मी ठरवलं, आज सांगायचं. ती समोर बसते, आणि मी चहा टाकायला आत जाते. सांगून तिला काय मिळेल? वही नाही, झोपडी नाही. ज्या अर्जासाठी दाखला हवा होता तो केव्हाच फेटाळला गेला. जागा ह्यांच्या नावावर. मी सांगितलं तर ह्यांना इथे एक दिवस राहवणार नाही, आणि आता बहात्तराव्या वर्षी ते कुठे जातील? हे सगळं खरं आहे. यातलं एकही माझ्या बाजूचं म्हणून मी सांगत नाही.

सोनीचं लग्न झालं. नवराही भट्टीवरचाच. गेल्या पावसाळ्यात तिला मुलगी झाली, मोखाड्याच्या दवाखान्यात, नीट झाली. मागच्या आठवड्यात, भट्टीवरून परतल्यावर, जानी नातीला घेऊन आली. पोरगी टपोऱ्या डोळ्यांची, पाण्याकडे बघून हात हलवत होती. जानी पायरीवर बसली. माझ्याकडे वर बघून म्हणाली, पोरीचं आधार काढायचं आहे, तिथं पत्ता मागतात. रस्त्याच्या कडेचा पत्ता चालत नाही.

"बाय, तुझ्या घरचा लावू का? कागदावंच तेवढा."

हे आतच होते, खोलीत, पेपर वाचत. दार उघडं होतं. एक हाक मारायची होती, बस.

मी म्हटलं, ह्यांना विचारून सांगते.

तिने मान हलवली, पोरीला कडेवर घेतलं आणि बांधावरून गेली. आठ दिवस झाले. मी अजून विचारलेलं नाही.