डोळ्यांखालची काळी रेघ

साखर कारखाना नवा होता तेव्हाची गोष्ट. आमच्या इस्लामपूरकडच्या उसात बिबट्या मारला गेला आणि दुसऱ्याच दिवशी खाकी कोटातला एक अनोळखी म्हातारा वस्तीवर आला. "जनावर बघू द्या," एवढंच म्हणाला. हा कातड्याचा व्यापारी असणार, अशी माझी खात्री झाली. मी त्याच्यावर नजर ठेवूनच त्याला गोठ्यामागे नेलं.

तो थेट बिबट्याच्या तोंडापाशी बसला. डोळ्याच्या कोपऱ्यापासून ओठापर्यंत त्याने हळूच बोट फिरवलं.

"बिबट्याच हाय. चित्त्याला हितं काळी रेघ असती, रडल्यागत."

"हिकडं चित्ता कुटला? तुमी कोन?"

"संस्थानात हरणांच्या शिकारीला पाळल्याला चित्ता माज्याकडं हुता. संस्थान गेलं तवा त्येला गोळी घालाया सांगितलं. मी त्येला रानात सोडला."

"लय वरसं झाली की. आता कशाला जगतोय त्यो चित्ता?"

"व्हय, ठावं हाय. तरी कुटं जनावर मारलं म्हनलं, की बघून येतो."

मला काही ते पटलं नाही. तो कातड्यासाठी माघारी फिरेल या संशयाने मी एसटीच्या थांब्यापर्यंत त्याच्या मागोमाग गेलो. गाडी आली. आमच्या बिबट्याचा विषय निघताच कंडक्टर म्हणाला, "साताऱ्याफुडं मेढ्याकडं परवा चित्ता मारला म्हनं."

म्हातारा पायरीवरच मटकन बसला.

मी त्याला धरून उठवलं. "आवं, हिकडं लोक बिबट्यालाच चित्ता म्हनत्यात," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली आणि तरी साताऱ्याचं तिकीट मागितलं.