नाखव्याची साखळी

हिरामण नाखवा कोणाशीही बोलताना आधी समोरच्याचं मनगट धरायचे. चहावाला असो की कंपनीचे साहेब, बोलणं संपेपर्यंत हात सुटायचा नाही. साहेब पहिल्या दिवशी अवघडले, दुसऱ्या दिवशी हसले आणि आठवड्याभरात स्वतःच हात पुढे करू लागले. मनगट धरलं नाही ते एकट्या माझं. ही गोष्ट मी कोणाला बोलून दाखवली नाही, पण मोजत मात्र होतो.

आमची कंपनी पनवेलजवळची, आणि कंपनीचा व्यावसायिक कबड्डी संघ म्हणजे आमची शान. त्या वर्षी ती शान पार धुळीला मिळाली होती. चढाया ठीक होत, पण बचाव म्हणजे चाळण. हंगाम संपला आणि बचावातले चौघेही गेले. दोघं निवृत्त झाले, एक पोलिसात भरती झाला, एकाला दुसऱ्या कंपनीनं कायम केलं. पावसाळ्याच्या चार महिन्यांत बचावपटूंची नवी साखळी उभी करायची होती. बचावाचा प्रशिक्षक मीच होणार, हे मी धरून चाललो होतो. आठ वर्षं सहायक म्हणून शिट्टी फुंकली होती. बायकोला सांगूनही बसलो होतो. आणि साहेबांनी मोरा बंदरावरून नाखव्यांना आणलं.

मोऱ्याच्या धक्क्यावर जन्म गेलेला, साठीला टेकलेला कोळी माणूस. तरुणपणी डाव्या कोपऱ्यात खेळायचे, एवढीच त्यांची पदवी. माझ्याकडे प्रशिक्षणाची दोन प्रमाणपत्रं होती, लॅमिनेट केलेली.

पटांगणात पाणी, म्हणून सराव जुन्या गोदामात मॅट टाकून चालायचा. नाखवा बचावपटूंच्या डोळ्यांना पंचे बांधायचे. हातात हात देऊन चौघं उभे राहायचे आणि चढाई करायला नाखवा मला पाठवायचे. तोंडातून शब्द काढायचा नाही. एकदा हात दाबला की थांब, दोनदा दाबला की घे. "जाल्याची दोरी हातान असली का मासा दिसाची गरज नाय," ते म्हणायचे. "डोल्यांनी नाय, हातानं बघाचा. आनि काय बी झाला तरी जोरीदाराचा हात सोराचा नाय." पहिले पंधरा दिवस मी त्या आंधळ्यांना सहज चकवून परत यायचो आणि मनातून खूश व्हायचो. महिन्याभरात मला मधली रेषा दिसेनाशी झाली. चौघं एकदम अंगावर यायचे. मॅटवर उताणा पडून मी गोदामाचे पत्रे बघत असायचो आणि नाखवा लांबून "अय्यो!" करून टाळ्या पिटायचे.

माझ्या पोटात दुखायचं. पोरं त्यांच्या डब्यातलं जवळ्याचं कालवण ओरपायची, माझ्या डब्याकडे कोणी फिरकायचं नाही. कोणाची आई आजारी, कोणाचं लग्न मोडलं, सगळं आधी नाखव्यांच्या कानावर. घरी मी त्यांच्याबद्दल इतकं बोलायचो की बायको एकदा म्हणाली, "त्यांनाच जेवायला बोलवा ना. नाहीतरी रोज ताटावर तेच असतात." मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

चौघांची निवड नाखव्यांनी मनगटं धरूनच केली होती. डाव्या कोपऱ्यासाठी त्यांनी विचुंबे गावचा निकेश उचलला. तो मूळचा मी संध्याकाळी शिकवायचो त्या क्लबातला. त्याचा उजवा खांदा दोनदा निखळला होता, आणि दोन्ही वेळा त्याला दवाखान्यात मीच नेलं होतं. निवडीच्या दिवशी तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, सांगू नका. ही नोकरी गेली तर परत कोन घेनार मना?"

त्याच दुपारी नाखव्यांनी मला विचारलं, "भाऊ, तुमी याला वलखता. काय सांगाचा हाय का?"

"नाही," मी म्हणालो. "चांगला मुलगा आहे."

निकेशसाठी गप्प बसलो, असं मी स्वतःला समजावलं. ते खोटं होतं. नाखव्यांची साखळी कुठून तुटणार हे मला एकट्याला ठाऊक होतं, आणि मी तिच्या तुटण्याची वाट बघत होतो. चार महिने मी त्या खांद्याकडे डोळे लावून बसलो होतो. एवढ्या निष्ठेनं मी दुसरं काही केलेलं आठवत नाही.

हंगामाला आठवडा असताना उलव्याच्या एका संघाशी सराव सामना झाला. नाखव्यांची साखळी अशी खेळली की साहेब खुर्ची सोडून उभे राहिले. मीसुद्धा नकळत टाळी वाजवली आणि लगेच हात खिशात घातले. शेवटच्या चढाईला निकेशनं घोटा धरला, चढाईपटूनं जिवाच्या आकांतानं रेषेकडे ओढ घेतली आणि निकेश ओरडला. जोडीदाराचा हात त्यानं तरीही सोडला नव्हता. पकड झाली. खांदा गेला.

दवाखान्यात साहेब संतापले होते. "हा आधीचा दुखावलेला आहे, डॉक्टर सांगताहेत. कुणाला माहीत नव्हतं?"

नाखवा पुढे झाले. "साहेब, पोराला बोलू नका. म्या मनगट धरला, पन खांदा नाय चाचपला. चूक माजी हाय. म्या जातो, पन त्याची नोकरी ठेवा."

साहेब गेले. आम्ही दोघं बाकावर बसलो. तेव्हा, चार महिन्यांत पहिल्यांदा, नाखव्यांनी माझं मनगट धरलं. बोटं दोरखंडासारखी खरबरीत होती.

"भाऊ, तुमाला ठावका व्हता."

"त्यानंच विनवलं होतं," मी म्हणालो.

"व्हय. त्यानं पन तसाच सांगला." त्यांनी हात सोडला नाही. माझी नाडी त्यांच्या बोटांखाली धडधडत होती आणि ती त्यांना काय सांगत होती हे मला कळत होतं. मग ते म्हणाले, "चार पोरांचे हात धरले. तुमचा धराचा ऱ्हावून गेला. तुमाला साखलीच्या भायेर ठेवला म्या. भायेरचा मानूस दुसरा काय करनार?"

त्यांनी मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मी मान खाली घातली आणि खरं सांगतो, त्या क्षणीही मला त्यांचा हेवा वाटला. एवढं मोठं मन या माणसाला कुठून मिळालं, आणि मला का नाही?

दुसऱ्या दिवशी ते मोऱ्याला परतले. निकेशला कंपनीनं स्टोअरमध्ये बसवलं. मला हवं होतं ते पद मिळालं. उरलेले तिघं आणि एक नवा अशी साखळी त्या हंगामात गाजली, हार माझ्या गळ्यात पडले. प्रेक्षक मात्र तिला "नाखव्याची साखळी" म्हणत राहिले. मी पोरांची मनगटं धरून बघितली. मला काहीच कळायचं नाही. मोऱ्याला जाऊन त्यांची माफी मागावी असं दर महिन्याला ठरवायचो. धक्क्यापर्यंत दोनदा गेलोही, आणि बांगडे घेऊन परत आलो.

गेल्या वर्षी नाखवा गेले. मोऱ्याला पोचलो तेव्हा तिरडी उचलत होते. पुढे-मागे तीच चौघं पोरं, आता संसाराला लागलेली. मी गर्दीत मागे उभा राहिलो. इथंही माझा नंबर नव्हता, आणि तो असायचं कारणही नव्हतं.

पुढे डाव्या बाजूला निकेश होता. बांबू उजव्या खांद्यावर घेताना तो थबकला. त्यानं वळून गर्दीत नजर फिरवली आणि मला हाक मारली.

"सर, तुमी इकरं या. माजा उजवा खांदा नाय चालत. तुमाला ठावका हाय."

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यानं बाजूला होऊन मला जागा दिली आणि मी बांबू खांद्यावर घेतला.

स्मशान बरंच लांब होतं. वाटेत गर्दीतल्या तिघांनी येऊन खांदा बदलून मागितला. मी मान हलवून नाही म्हणालो. ती जागा मला कुणालाही द्यायची नव्हती.