रणखांब्यांची भावकी

आमच्या भावकीत कधी एकही भांडण झालं नव्हतं. आम्ही फार समजूतदार होतो असं नाही. आम्हाला भावकीच नव्हती.

आजोबा तरणेपणी कुठूनसे पायी हिंगोलीला आले आणि रेल्वेच्या रुळांवर खडी टाकायच्या कामाला लागले. ते एकटे. त्यांना मुलगा एक, म्हणजे आमचे आप्पा. आप्पांना मुलगा एक, म्हणजे मी. (घराण्याने काटकसर कशात करावी, याला काही मर्यादा असते.) माझी धाकटी बहीण शकू होती, पण मुलगी आज ना उद्या दुसऱ्याचं आडनाव लावणार, म्हणून तिला आडनावाच्या हिशेबात कुणी धरत नसे. तेव्हा साऱ्या हिंगोलीत रणखांबे हे आडनाव आमच्या दोन खोल्यांत सुरू होऊन तिथेच संपत होतं.

आप्पांनी हयात हिंगोली स्टेशनात काढली. हिरवा दिवा दाखवून गाड्या सोडायचं त्यांचं काम. रोज एवढी माणसं उतरत, एकमेकांना "काका, दादा" करत टांग्यात बसून जात. आप्पांकडे बघून थांबणारा कुणी उतरला नाही. रिटायर झाल्यावर ते संध्याकाळी कुंपणापाशी उभे राहत. शेजारी अंगणात बसून आपल्या चुलतभावाला मोठ्याने शिव्या देत असे. आप्पा शेवटपर्यंत ऐकत आणि घरात येऊन आईला म्हणत, "काय भांडून राहिला तो. नशीब लागतं."

मी गावातल्या शाळेत मास्तर होतो आणि पुस्तकं वाचायची मला खोड होती. आप्पांना बरं वाटावं म्हणून एकदा सांगून टाकलं, की रणखांबे म्हणजे रणात खांबासारखा उभा राहिलेला माणूस असावा. त्या दिवसापासून आप्पा ताठ बसू लागले. मला स्वतःला ते मुळीच पटलेलं नव्हतं. ज्या ज्या आडनावाची चौकशी करावी त्याचा मूळपुरुष लढाईतच सापडतो. मग त्या काळात जोंधळा कोण पेरत होतं, हे इतिहास सांगत नाही.

हे सगळं असंच चाललं असतं, पण शकूला स्थळ आलं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मुलगा कळमनुरीचा, दवाखान्यात कंपाउंडर. शकूला तो पसंत होता. तोंडाने ती काही बोलली नाही. पण पाहुणे चहा पीत असताना घागर घेऊन विहिरीवर गेली आणि रिकामीच घागर घेऊन परत आली, यावरून आईने ओळखलं.

मुलाचे मामा मुख्य माणूस. मोठा फेटा, हळू बोलणं.

"मुलगी पसंद हाय," ते म्हणाले. "मास्तरबी चांगले दिसतेत. पण रणखांबे, तुमची भावकी दिसंना."

"हाय ना," आप्पा म्हणाले. "लई मोठी हाय. पसरलेली हाय."

"कुठं कुठं?"

"सगळीकडं," आप्पा म्हणाले आणि खांबासारखे ताठ बसले.

"मंग सुपारी फोडायला बसवा त्यायला. भावकी बसल्याबिगर आमी सुपारी फोडत न्हाई. एकटं घर म्हंजी चार लोक इचारतेत, वाळीत टाकलेलं तर न्हाई?"

पाहुणे गेल्यावर आई म्हणाली, "आता कुठून आणता भावकी? मंगळवारच्या बाजारातून?"

आप्पा माझ्याकडे वळले. "तू शिकलेला हाईस. शोध."

चार पुस्तकं वाचलेल्या माणसाने शोध कुठे सुरू करावा? अर्थातच चुकीच्या जागी. कुठल्याशा समारंभाच्या पत्रिकेत प्रमुख पाहुणे म्हणून एका रणखांब्यांचं नाव मी वाचलेलं होतं. कनेरगाव नाक्यावर एस.टी.तून उतरून तीन मैल आत त्यांचं गाव. मोठे जमीनदार. ओसरीवर भिंतीला तलवार टांगलेली होती आणि त्यांनी माझं नाव विचारायच्या आत मला तलवारीचं नाव सांगितलं. त्यांचेही मूळपुरुष रणात खांबासारखे उभे राहिले होते. (म्हणजे माझा शोध माझ्याआधीच कुणीतरी लावलेला होता.)

"मीही रणखांबेच," मी म्हणालो.

"वा वा. म्हणजे आपलेच. बसा, वर बसा. कुणापैकी?"

"बौद्ध."

त्यांनी तलवारीकडे पाहिलं. मग मला पुन्हा "बसा" म्हणाले. मी बसलेलाच होतो. पण या खेपेचा 'बसा' खालच्या पायरीकडे बोट करून होता. चहा आला. त्यांचा बशीसकट आला. माझा कप भिंतीतल्या दिवळीतून काढला. त्याला कान नव्हता. आडनाव कुठवर पसरलंय आणि कुठे थांबतं हे मला पुस्तकातून कधी इतकं स्पष्ट कळलं नव्हतं. मी चहाला हात न लावता उठलो. (परतीच्या तीन मैलांत त्या चहाची फार आठवण झाली. ताठपणाने घसा ओला होत नाही.)

घरी आप्पा दारातच होते. "भेटले?"

"भेटले."

"येतेत?"

"कामात आहेत."

आप्पा दारातून आत वळले. हयात स्टेशनात काढलेल्या माणसाला कोणती गाडी थांबणारी नाही ते लांबून कळतं.

पुढच्या रविवारी मी नांदेडच्या बाजूला निघालो, विशेष काही ठरवून नव्हे. वारंगा फाट्यावर बस वळली आणि समोर टपरीवर पाटी: 'रणखांबे टायर वर्क्स'. बस पुरती थांबायच्या आत मी उतरलो. (म्हणजे पडलो, पण उठलो लगेच.) आत लुंगी-बनियनमधला एक गृहस्थ ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता.

"रणखांबे आपणच का?"

"मैं रहीम," तो म्हणाला. "दुकान मेरा, बोर्ड उनका. वो बेच के चले गए. बोर्ड पुसने कु पेंट लगता ना मास्टर. अब तो लोगां मेरेकुच रणखांबेसेठ बोलते."

मी हताश होऊन टायरवर बसलो. त्याने पाणी दिलं आणि माझी तकलीफ ऐकून घेतली. मग विचार करून म्हणाला, "बिठाने कु आदमीच होना ना? मैं आताऊँ. चुप बैठतूँ."

मला कबूल केलं पाहिजे, मी क्षणभर मनातल्या मनात त्याला टोपी घालून सतरंजीवर बसवून पाहिलं. वाईट दिसत नव्हता.

"नैतो कुरुंदे कु जाओ," तो म्हणाला. "उनके लोगां उधर हैं. भोत हैं. भोत झगड़ते."

भांडतात हे ऐकून माझा ऊर भरून आला.

कुरुंद्याला बौद्धवाड्यात विचारलं तेव्हा एका बाईने उलट विचारलं, "कोणते रणखांबे? वरचे का खालचे?" मी म्हणालो, कोणतेही चालतील. तिने मला वरच्यांच्या हरिआबांकडे धाडलं. म्हातारा बाजेवर बसून उकडलेल्या हळदीवर नजर ठेवून होता. मी सगळं सांगितलं. त्याने आजोबांची चौकशी केली.

"कुठून आले व्हते?"

"माहीत नाही. पायी आले होते."

"सोभाव कसा व्हता?"

"फार बोलत नसत. एकदा रुसले की जेवत नसत."

हरिआबांनी बाजेवर थाप मारली. "आमचा एक चुलता रुसून गेला व्हता. शेताच्या धुऱ्याच्या, बांधाच्या भांडणातून. गेला तो गेलाच."

"त्यांचं नाव काय?"

"नाव घेत न्हाईत आमच्यात त्याचं. रुसलेला ना."

पुरावा म्हणून हे कुठल्याही कोर्टात टिकलं नसतं. पण म्हाताऱ्याचा निकाल झालेला होता. "तोच," तो म्हणाला. "म्हंजी शकू आमची पुतणी. येतो आमी. पण मास्तर, खालच्यायला सांगू नका." निघताना गल्लीच्या तोंडाशी खालच्यांचा अंकुश आडवा आला. त्याला सगळं कळलेलं होतं. तो म्हणाला, "आमीबी येतो. वरच्यायला सांगू नका." मी दोघांनाही शब्द दिला. इतके दिवस एक माणूस मिळेना. आता दोन तट मिळाले होते.

सुपारीच्या दिवशी मामा आपली माणसं घेऊन वेळेवर हजर. आमच्या बाजूच्या सतरंजीवर आप्पा आणि मी. मधली मोकळी सतरंजी एवढी मोठी दिसत होती की आईने तिची एक घडी घालून टाकली. मामा फेटा काढून मांडीवर ठेवतात आणि बसतात की तो तसाच डोक्यावर ठेवून उठतात, इकडे सगळ्यांचं लक्ष. दाराआडून शकूच्या बांगड्या वाजत होत्या, त्याही थांबल्या.

तेवढ्यात दारात ट्रक थांबला. हळदीची पोती टाकून आलेला रिकामा ट्रक, आणि त्यात दोन्ही तट, एकमेकांकडे पाठ करून. उतरले ते सगळे नखशिखांत पिवळे. धोतरं पिवळी, टोप्या पिवळ्या, हरिआबांच्या मिशासुद्धा.

"रणखांबे," मामा म्हणाले, "हळद आजच लावली का काय?"

माणसं बसली. आईने सतरंजीची घडी मोडली. आप्पा या सगळ्यांना पहिल्यांदाच बघत होते आणि ओळखीचं हसण्याचा प्रयत्न करत होते. मामा काही कच्चे नव्हते. त्यांनी हळूच विचारलं, "आबा, आप्पा तुमचे कोण लागतेत?"

"चुलतभाऊ," हरिआबा म्हणाले.

"चुलतभाऊ कसा?" पलीकडून अंकुश. "रुसून गेला तो तुमचा चुलता नव्हं, तुमचा भाऊ. हे पुतणे लागतेत."

"तू जल्मला व्हता का तवा?"

"जल्मलो न्हाई म्हणून काय झालं? धुरा तर व्हता. त्या धुऱ्यावर बाभूळ कोणी लावली?"

"माझ्या बापानं."

"तुमच्या बापानं तोडली. लावली आमच्या बापानं."

दोन्ही तट उठून उभे राहिले. सतरंजीवर हळद उडाली. मी "बसा, बसा" म्हणत मधे गेलो आणि एक पिवळा पंजा छातीवर घेऊन खाली बसलो. सुपारी गेली, असं मी मनात म्हणालो. शकू गेली. आता जन्मभर आम्ही दोन खोल्यांत.

"आन् इचारा ह्यायलाच," अंकुश आप्पांकडे बोट करून ओरडला. "ह्यायचा बाप त्या धुऱ्यापायीच गेला. म्हंजी ह्यायचाबी वाटा हाय."

आप्पा उठले. हयातभर दोन दिव्यांशिवाय काही न उचललेला माणूस. कधी न पाहिलेल्या धुऱ्यासाठी त्यांनी हात उगारला आणि म्हणाले, "माझ्या बापाच्या बाभळीला कोणी हात लावायचा न्हाई. सांगून ठेवतो."

अंकुशने बोट खाली घेतलं. मामांनी फेटा काढला, मांडीवर ठेवला आणि आपल्या माणसांना म्हणाले, "भावकी खरी हाय. पैशे देऊन आणलेली माणसं इतकी भांडत न्हाईत. आणा सुपारी."

संध्याकाळी आई म्हणाली, "खरंच ते तुमचे हायेत का?" आप्पा कुंपणापाशी उभे होते, पिवळे. शेजारी भांडण बंद करून यांच्याकडे बघत होता. "परके कशाला एवढं भांडतील?" आप्पा म्हणाले.

गोष्ट इथेच थांबली असती तर मी आज सुखी माणूस असतो. पण लग्नात मानपानाचं काम आप्पांनी माझ्याकडे दिलं. लग्न साधं, त्रिशरण-पंचशील म्हणून लावलेलं; पण आप्पा म्हणाले, "देव सुटले, टॉवेल-टोपी सुटली न्हाई." आधी मान कुणाचा, वरच्यांचा की खालच्यांचा? मला हा सगळा थाट पोरकट वाटत असे. मी ठरवलं, लोकशाही पद्धतीने करू. शाळेत हजेरी घेतात तशी, आद्याक्षराने. त्यामुळे पहिली टोपी अंकुशच्या डोक्यावर गेली, जो भावकीत सगळ्यांत धाकटा. आणि सगळ्यांत थोरल्या हरिआबांची पाळी शेवटी आली, कारण ह शेवटी येतो. तोवर टोप्या संपल्या.

हरिआबा न जेवता उठले. ही काही किरकोळ गोष्ट नव्हती. पण त्याहून मोठी पुढे होती. थोरल्याचा अपमान पाहून अंकुशने स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून माझ्या हातात दिली आणि तोही उठला. वरचे आणि खालचे एकाच ट्रकात, एकाच बाजूला तोंड करून गेले. मी एका टोपीत त्यांच्या धुऱ्याचं भांडण मिटवलं. आमच्याशी मात्र ते तेव्हापासून बोलत नाहीत.

आप्पांना याचं दुःख झालं असं तुम्हाला वाटेल. ते शेवटपर्यंत येईल त्याला छाती काढून सांगत, "आमचं आन् भावकीचं पटत न्हाई."

आप्पा गेले, मग आई गेली. शकू कळमनुरीला नातवंडांत रमली. माझं लग्न राहून गेलं. (बसवायला भावकी नव्हती, असं मी सांगतो. खरं कारण विचारण्याइतकं जवळचं कुणी घरी येत नाही.) दोन खोल्या एका माणसाला फार मोठ्या पडतात, आणि शेजाऱ्यानेही आता टीव्ही घेतला, तो भांडत नाही.

मागच्या हिवाळ्यात मी कुरुंद्याला जाऊन आलो. हरिआबांच्या बाजेवर आता अंकुश बसतो, पांढऱ्या मिशा घेऊन.

"कोण?"

"हिंगोलीचे रणखांबे."

त्याने मला नीट बघून घेतलं. "तुमच्याशी आमचं बोलणं न्हाई."

"माहीत आहे."

"मंग बोलून काहून राहिले?"

"चालू आहे ना अजून, तेवढं बघायला आलो."

"चालू नसायला काय झालं?" तो म्हणाला आणि बाजेवर थोडा सरकला. मग आत तोंड करून ओरडला, "चहा टाका गं, ते न बोलणारे आलेत."

चहा आला. दोघांचे कप सारखेच, दोन्हींना कान. आम्ही तो एकमेकांशी अवाक्षर न बोलता प्यायलो, दोनदा. उठताना मी मुद्दामच "येतो" म्हटलं नाही. रुसलेल्या माणसाने निरोप घ्यायचा म्हणजे आजोबांनी घराण्याचं जे एवढं एक नाव कमावलंय, तेही घालवायचं.