राक्षस, मी आणि ह्यांचा जोडीदार

मैत्रिणींनो, आज सुट्टी म्हणून दुपारी आम्ही पिक्चरला गेलो. आम्ही म्हणजे मी, हे आणि कापडाच्या कारखान्यातला ह्यांचा लूमवरचा जोडीदार बापू!

पिक्चरमध्ये जमिनीखालच्या गुहेत एक आंधळा राक्षस. जरा आवाज झाला की माणूस खातो. अख्खं थेटर चिडीचूप.

हे दोघं मात्र माझ्या डोक्यावरून हातवारे करत गप्पा मारत होते. लूमच्या खडखडाटात ऐकू येत नाही, म्हणून कामावर असेच बोलतात.

राक्षसाने झडप घातली तशी मी ह्यांचा हात घट्ट धरला. ह्यांनी तो सोडवून घेतला. बापूला काहीतरी सांगायचं राहिलं होतं!

घरी विचारलं, "एवढं काय बोलत होतात?"

"काही नाही वं."

आमच्या इथे गोडादऱ्यात कुठे लूमवर बायकांना घेतात का? मलाही नवऱ्याशी बोलायचंय.