आण्णांच्या कॅसेटवरचा परका गायक

कॅसेटच्या कडेला दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे असत. ते तोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नसे. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतःच्या कॅसेटचे दोन्ही तुकडे तोडून ठेवले होते. त्यांची गायन पार्टी होती. जयंतीला गडहिंग्लज, राधानगरीपर्यंत बोलावणं यायचं. त्यातल्या एका कार्यक्रमाची तेवढी एकच कॅसेट घरात होती.

मी तेव्हा घरूनच कोल्हापुरात कॉलेजला जात होते आणि कुठंच मन लागत नव्हतं. मैत्रिणीच्या काकांकडे साठच्या दशकातल्या एका काळ्या अमेरिकन गायकाची तबकडी ऐकली. इंग्रजी अर्धंमुर्धंच कळलं. पण तो विनवता विनवता एकदम ओरडायचा आणि मला वाटायचं, हा माझंच सांगतोय. कोरी कॅसेट आणण्याइतकाही दम निघेना. आण्णांचीच उचलली, भोकांत कागदाचे बोळे कोंबले आणि काकांकडून तबकडीच्या दोन बाजू तिच्या दोन बाजूंवर उतरवून आणल्या. आण्णा काय, परत गातीलच, अशी स्वतःची समजूत घातली.

दोन वर्षांनी आण्णांच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाणं गेलं, नुसती घोगरी कुजबुज उरली.

आई कामावरून आली की विचारायची, "आण्णांची क्यासेट कुठं ठिवलीस गं?" "बघते की," म्हणून मी घराबाहेर पडायचे आणि रंकाळा तळ्यावर उगाच फेऱ्या मारायचे. आण्णा मात्र कधी विचारत नव्हते. ते जास्त छळायचं.

शेवटी एका रविवारी दुपारी त्यांच्यासमोरच ती कॅसेट लावली. म्हटलं, "आण्णा, ही तुमचीच हाय. मी पुसली." ते टेपजवळ सरकून बसले. गायकाचं त्या बाजूचं शेवटचं गाणं संपलं. पुढची खरखर ऐकत बसायचा धीर मला कधीच नव्हता. सवयीनं बाजू उलटायला हात पुढं केला, तर आण्णांनी मनगट धरलं.

"थांब. ह्येचं झालं की माझं हाय. तू कॉलेजला, आई कामाला गेली की तुझ्या कप्प्यातनं काढून ऐकतो न्हवं रोज."

तबकडीची बाजू कॅसेटच्या बाजूपेक्षा आखूड होती, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरखर थांबली आणि ओळीच्या मधूनच, ढोलकीसकट, आण्णांचा खणखणीत आवाज सुरू झाला.

मला रडू आवरेना. "मग रोज त्येचं सगळं कशाला ऐकत बसायचं? फुडं पळवायची न्हाय व्हय?"

"कशाला? बरा गातोय की त्यो बी," आण्णा कुजबुजले आणि टेपमधल्या आपल्या गाण्याबरोबर नुसते ओठ हलवू लागले.