भाऊजींचे सतरा रकाने

आमच्या चुलत भाऊजींइतकं पुरं उत्तर देणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडणार नाही. किती वाजले विचारलं तर ते सेकंदापर्यंत सांगत आणि आपलं घड्याळ किती पुढे आहे तेही. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर मालकानं सहज विचारलं, "भाजी कशी झाली?" भाऊजींनी मीठ, तेल, तिखट, फोडणी असं एकेक घेतलं, तोवर शेजारच्या टेबलावरचे जेवून उठले. पुण्यातली नोकरी सोडून ते तेलगावला परतले तेव्हा सोबत एक लॅपटॉप होता. त्यावर चित्रं, बटणं काही नाही. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची आणि उत्तर वाचायचं. माऊस वापरणाऱ्यांची त्यांना मनापासून कीव येई.

दुष्काळात आमच्या सहकारी दूध संस्थेनं चारा छावणी काढली. सचिव मी, आणि याद्यांचं काम माझ्याच अंगावर. मदतीला म्हणून भाऊजींनी जनावरांची नोंद लॅपटॉपवर एका फाइलीत घेतली आणि तीतून यादी काढायला स्वतः प्रोग्राम लिहिला. कमांड दिली की प्रत्येक जनावराचे सतरा रकाने बाहेर पडत: कानातला बिल्ला, जात, वय, रंग, शिंगांचा आकार आणि काय काय. यादी बिल्ल्याच्या क्रमानं. जनावरं मात्र दावणीदावणीनं बांधलेली. सकाळी मी यादीतली नावं पुकारायची, माणसं या टोकाहून त्या टोकाला धावायची, आणि काही गुरं दुपारपर्यंत उपाशी राहायची.

"भाऊजी, मला दावण, मालक आणि चारा एवढंच छापून द्या."

"वहिनी, माहिती अशी कापायची नसती. आज शिंगं नको म्हणाल, उद्या म्हैसच नको म्हणाल."

मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी यादी त्यांच्याच हातात दिली. ते ओट्यावर उभे राहून वाचू लागले, एकही रकाना न गाळता. ऊन चढलं. शेवटच्या दावणीवरचे एक म्हातारबा पुढे आले. "मालक, माझ्या म्हशीची शिंगं मला ठावं हायत. तिला खायला कवा देता ते सांगा. लई वरडत होती, आता गप झालीया."

भाऊजींनी कागदाची घडी केली. त्या दिवशी आम्ही यादीशिवायच चारा वाटला. मग ते आत जाऊन बसले आणि दिवस मावळायच्या आत त्यांनी प्रोग्रामला एक ऑप्शन जोडला. कमांडपुढे हवे ते रकाने हव्या त्या क्रमानं लिहायचे, पहिल्या रकान्याप्रमाणे यादी लागणार. काहीच लिहिलं नाही तर मात्र सतराच्या सतरा. तेवढं त्यांनी सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवाच्या आत वाटप संपलं. मग जो तो आपापली यादी मागू लागला. गुरांच्या डॉक्टरांना बिल्ला आणि आजार. एकाला आपल्या बैलांचा नुसता रंग आणि वय.

"कशाला?" भाऊजींनी विचारलं.

"पाव्हण्याला दावायला."

तेही त्यांनी छापून दिलं.

पुढे माजलगावच्या धरणात पाणी आलं आणि लोक गुरं सोडून घरी नेऊ लागले. जनावर गेलं की भाऊजी त्याची नोंद फाइलीतून काढत. शेवटची दावण उठली त्या दिवशी भाऊजींनी सवयीनं कमांड दिली. दावण, मालक, चारा अशी रकान्यांची तीन नावं उमटली, खाली काही नाही.

"बिघडलं का?" मी विचारलं.

"न्हाई, बरोबर हाय," ते म्हणाले. "छापू का?"

"छापा."

आता ते हैदराबादला असतात. छावणीचे बाकीचे कागद मी रद्दीत दिले. तो शेवटचा कागद तेवढा फाइलीला लावून ठेवलाय.