मोठ्या काकांची स्पॅनिश ओळख

स्पेनमधल्या एका सभ्य घरात, जेवणाच्या टेबलावर माझा उल्लेख करायला बंदी आहे. मी त्या घरी कधी गेलेलोही नाही!

माझ्या धाकट्या भावाची मुलगी ऋतुजा लहानपणापासून भोपाळला, आमच्या सोनागिरीच्या घरात वाढली. तीन महिने स्पॅनिश शिकायला ती स्पेनला गेली. राहणं तिथल्याच एका कुटुंबात, पिलारबाईंकडे. घरात राहिलं की भाषा आपोआप अंगात मुरते म्हणे. (काय मुरलं, ते कळेलच.)

दुसऱ्याच आठवड्यात व्हिडिओ कॉलवर पोरगी रडवेली. "काका, मला रोज नुसता पांढरा भात आणि किसलेलं सफरचंद! बाकीचे समोर बसून तळलेले मासे खातात!"

"पण का?"

"विचारलं की त्या पोटावरून हात फिरवतात आणि इतकं भराभर बोलतात, की एक शब्द कळत नाही!"

माझं डोकंच सणकलं. पोरीला संस्कृती शिकायला पाठवली होती, उपास करायला नाही!

"माझ्यावर काय ओरडताय? त्या बाईशी बोला," बायको म्हणाली.

शेजारच्या दुबेजींनी कुंपणावरून सल्ला दिला, "पहले अपना परिचय दीजिए, भाईसाहब. रौब पड़ना चाहिए!"

मोबाइलला विचारून मी चार स्पॅनिश वाक्यं उतरवली, 'काका' हा शब्द तेवढा आपलाच ठेवला, आणि रात्रभर घोकली. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट चढवून कॉल लावला. तिकडे सगळं कुटुंब जेवायला बसलेलं.

"सोय काका!" मी गरजलो. म्हणजे, मी काका आहे.

चमचे थांबले. वा, रौब पडला! मग मी मोठ्या काकांचा हुद्दाही सांगून टाकला, "सोय एल काका मास ग्रांदे दे ला फामिलिया!" घरातला सर्वांत मोठा काका!

तिकडच्या आजोबांच्या नाकातून सूप आलं. पिलारबाई टेबलाखाली दिसेनाशा झाल्या.

"हसता काय?" मी छाती ठोकत ओरडलो. "काका! काका!"

ऋतुजाने घाईघाईने मोबाइलमध्ये शब्द शोधला आणि लालबुंद झाली. "काका, थांबा! स्पॅनिशमध्ये काका म्हणजे... शी."

"कसली शी?"

"लहान मुलं करतात ती!"

मग उलगडा झाला. कॉल तुटला की ऋतुजा "काका! काका!" ओरडत रेंज शोधत घरभर पळायची, आणि रेंज मिळायची नेमकी बाथरूमपाशी. पिलारबाईंना वाटलं, पोरीचं पोट बिघडलंय. बिचारीने पथ्याचं जेवण सुरू केलं!

"मग त्यांनी शब्द बदलावा!" मी संतापलो. "आपल्यात केवढ्या मानाचं नातं आहे हे!" बायको पदरात तोंड खुपसून हुंदके देत होती. हसण्याचे!

ऋतुजाला त्याच दिवशी मासे मिळाले. मला मात्र काम लागलं. पिलारबाईंची अडीच वर्षांची नात पॉटीवर बसायला तयार नसते. आता त्यांच्याकडे सकाळ झाली की मला कॉल येतो. मी गंभीर चेहऱ्याने फक्त "काका" म्हणायचं. कारखान्यात तीस वर्षं सुपरवायझर होतो, पण माझ्या एका शब्दावर इतक्या तत्परतेने कुणी काम केल्याचं मला आठवत नाही!